निळी बादली

कॅलिस्टोगा
८ फेब्रुवारी, रविवार

कोमाद्रे नेरेइदा यांस,

तुमचे सात फोन आले, मी एकही घेतला नाही आणि घेणारही नाही. फोनवर तुम्ही रडायला लागता, मग मी तुमची समजूत काढत बसते, आणि ज्याच्यासाठी फोन केला ते राहूनच जातं. लहानपणापासून असंच चाललंय. म्हणून पत्र. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

मला कसं कळलं ते आधी ऐका. गुरुवारी एक बाई आली, साक्रामेंटोची. मी तिला चिखलाच्या हौदात गळ्यापर्यंत निजवलं, बारा मिनिटांनी बाहेर काढलं, धुतलं, चादरीत गुंडाळून पलंगावर टाकलं आणि कपाळावर गार फडकं ठेवलं. रोजचंच काम. बाई सुखावली आणि बोलायला लागली. ‘‘तुमच्याकडे फारच महाग आहे हो. इथे जवळच एक फुकटची जागा आहे म्हणतात, खरं का?’’ आणि तिने फोनवरून वाचून दाखवलं. वाइनच्या खोऱ्यात खिसा हलका न करता करण्यासारख्या नऊ गोष्टी. नववी गोष्ट, गावाबाहेरच्या जुन्या द्राक्षमळ्यामागचं गरम पाण्याचं टाकं, ‘जिथे फक्त गावकरीच जातात’. फाटकाच्या खांबाला निळी बादली टांगलेली दिसली की समजा, आत कोणीतरी आहे, तुम्हीही जा.

खाली तुमचं नाव आणि तुमचा हसरा फोटो. तो तुमच्या आम्पारोच्या बाप्तिस्म्यातला आहे. मला कापून टाकलंय, पण तुमच्या खांद्यावर माझी चार बोटं अजून दिसतात.

मी त्या बाईचं फडकं बदललं. म्हटलं, असलं काही नाही इथे.

पण तोवर उशीर झाला होता, कारण त्याच्या आदल्याच रविवारी ते सगळे येऊन गेले होते. कुठून आले, कोणी धाडले, आम्हाला कळत नव्हतं. निळी बादली म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक होतं, कोमाद्रे. बादली टांगली की आत बायका आहेत, पुरुषांनी फाटकापाशी थांबायचं. मळ्याच्या मालकीण मोरेसीबाईंच्या वडिलांच्या काळापासून हे चालत आलंय. छाटणी करणाऱ्यांची बारा घरं, रविवारी तीन वाजल्यापासून, आधी बायका, मग बादली काढायची, मग पुरुष. शेवटच्याने टाकं रिकामं करून घासायचं. बाहेरच्याला न्यायचं नाही, बाहेर बोलायचं नाही. शहरात राहून तुम्ही त्या बादलीचा अर्थ बरोब्बर उलटा करून छापलात.

आत म्हातारी चोले होती. ज्या चोलेच्या ट्रेलरमध्ये आपल्या दोघींच्या आया आपल्याला टाकून मळ्यात जायच्या, तीच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, नुसत्या परकरावर, पाण्यात. आणि बीअरच्या बाटल्या घेऊन चार पुरुष आले. हसत हसत. त्यांचं मन वाईट नव्हतं म्हणे. एकाने तिला हातही पुढे केला, बाहेर यायला मदत म्हणून. चोले ओरडलीसुद्धा नाही. पाण्यात खाली खाली गेली, हनुवटीपर्यंत. आम्ही चादर घेऊन धावलो.

मग आणखी गाड्या आल्या. संध्याकाळपर्यंत साठेक माणसं. एक गाडी वेलींच्या दोन ओळी चिरडून चरात गेली. एक पोरगी टाक्याच्या काठावरून घसरली, मनगट मोडलं, आणि चार दिवसांत मोरेसीबाईंच्या भाच्याला वकिलाचं पत्र. भाच्याने टाक्यात ट्रकभर खडी ओतली.

लिब्रादोची पाठ तुम्ही पाहिली आहे. छाटणीचे दिवस आहेत, दिवसभर वाकून असतो. रविवारच्या त्या तासाभरावर तो आठवडा काढायचा. काल संध्याकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा पडून होता, तिथूनच म्हणाला, ‘‘लालिया, बीन्सचा वास छान येतोय.’’ माझा नवरा तक्रार करत नाही, हे त्याचं वाईट आहे.

तुम्ही आम्पारोच्या आई, मी तिची धर्ममाता, तिची माद्रिना. म्हणून आपण एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, अहो-जाहो करतो, नाहीतर आज तोंडाला येईल ते लिहिलं असतं.

यूलालिया


१ मार्च, रविवार

कोमाद्रे,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर अजून चोलेने शिकवलं तसंच आहे.

तुम्ही म्हणता, पत्ता दिला नव्हता. बरं. या रस्त्यावर निळी बादली असलेली फाटकं किती आहेत? तुम्ही म्हणता, संपादकाला अशी एक गोष्ट हवी होती जी दुसऱ्या कोणाकडे नाही, नाहीतर नोकरी जात होती. बरं. आणि तुम्ही म्हणता, मी प्रेमाने लिहिलं, ते वाचून बघा. वाचलं. तुम्ही लिहिलंय की त्या पाण्यात तुम्ही मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून वर्षात पहिल्यांदा झोपलात. तो खांदा माझा होता. तुमचा नवरा सोडून गेला होता, तुम्ही दोन दिवस माझ्याकडे काही खाल्लं नव्हतं, म्हणून ऑगस्टमध्ये मी तुम्हाला तिथे नेलं. आमचं पाणी तुम्ही चव्हाट्यावर मांडलंत आणि त्यात माझा खांदाही मांडलात.

असो. रविवार रिकामे पडलेत. तीन वाजले की लिब्रादो टॉवेल काढतो, मग त्याला आठवतं, मग परत घडी घालतो. मला ते बघवेना. म्हटलं, चल, माझ्या कोमाद्रेने गावात करण्यासारख्या नऊ गोष्टी सांगितल्यात, लग्न झाल्यापासून आपण वीस वर्षं इथे राहून एकही केली नाही.

पहिली गोष्ट, मेन रस्त्यावर रमतगमत फिरावं, दुकानं बघावीत, थंडीत गटाराच्या जाळ्यांतून निघणारी वाफ बघावी. पैसे लागत नाहीत. आम्ही रमतगमत फिरलो. लिब्रादो वाकूनच चालतो, त्यामुळे वाफ त्याला चांगली दिसली. तो म्हणाला, ‘‘हे आपलंच पाणी. बघ, इथून फुकट चाललंय.’’ आणि त्या जाळीपाशी उभा राहिला, पाठ तिकडे करून, चुलीपाशी उभं राहावं तसा. दोन बायकांनी त्याचा फोटो काढला. मी त्याला ओढून पुढे नेलं.

तिसरी गोष्ट, संग्रहालय, जमेल तेवढी देणगी द्या. तिथे जुन्या गावाचं छोटंसं मॉडेल आहे. आगगाडी, हॉटेल, छत्र्या घेतलेल्या मडमा. लिब्रादोने बराच वेळ बघितलं. ‘‘मळे आहेत, पण मळ्यात माणूस कोणी नाही,’’ म्हणाला. तिथल्या म्हातारबाबांना ऐकू गेलं, ते म्हणाले, जागा कमी होती.

आठवी गोष्ट, कारंज्यासारखं उडणारं गरम पाणी कुंपणाबाहेरून बघा, तिकीट वाचतं. अर्धा तास कुंपणापाशी थांबलो, तेवढ्यात मोहरीच्या पिवळ्या फुलांत मुलं पळत होती ती बघितली. पाणी उडालं. आम्ही घरी आलो.

डोंगरावर चढण्याची सातवी गोष्ट लिब्रादोला जमणार नाही, ती तुम्ही आमच्या वतीने करा.

आणखी एक. मागच्या रविवारी मोरेसीबाईंनी बाराही घरांना आपल्या स्वयंपाकघरात बोलावलं होतं. एक्याण्णव वर्षांची बाई, काठी टेबलावर आडवी ठेवून बसलेली. ‘‘माझ्या वडिलांनी शब्द दिला होता, तुमच्या आजोबांनी शब्द दिला होता. बाहेर कोणी सांगितलं?’’  मग आळ बारा घरांतल्याच मेलितोनवर आला, कारण त्याची मुलगी ओफेलिया वाइन चाखायच्या खोलीत काम करते, दिवसभर पर्यटकांत असते. मेलितोन म्हणाला, ‘‘माझी मुलगी असं करणार नाही.’’ एवढंच. आता चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कोणी बसत नाही.

मी काय करणार? मी तर कुठे काही छापलं नाही.

यूलालिया


२२ मार्च, रविवार

कोमाद्रे,

आज पाचवी गोष्ट केली. ‘गावात राहणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी वाइन सवलतीत चाखायला मिळते, लाजू नका, विचारा.’ तुमच्या म्हणण्याप्रमाणे लाजलो नाही. लिब्रादोने लग्नातला शर्ट घातला. गेलो ती जागा त्याच्या छाटणीच्या टोळीकडेच आहे, म्हणजे त्या खिडकीतून दिसणारा उजव्या हाताचा सगळा उतार त्याने कापलेला. कोंब फुटायला लागलेत. तो ग्लासाकडे न बघता उताराकडेच बघत होता.

काउंटरमागे ओफेलिया होती.

मला माहीत होतं ती कुठेतरी असल्याच खोलीत काम करते, पण कुठल्या, ते विचारण्याइतकं मला पडलं नव्हतं. मागे फिरावं तर लिब्रादो आत गेलेला. ती बाहेर आली, त्याच्या दंडाला धरलं, म्हणाली, ‘‘काका, उभं राहू नका, काउंटर उंच आहे.’’ आतून स्टूल आणलं, पाठीला टेकायला घडी केलेला एप्रन दिला. गावकऱ्यांची सवलत काय, तिने आमच्याकडून काही घेतलंच नाही. शेजारी चार पाहुणे उभे होते, त्यांना म्हणाली, ‘‘तुम्ही जे पिताय ना, ते या काकांनी केलंय.’’ त्यातल्या एकाने लिब्रादोशी हात मिळवला. माझ्या नवऱ्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. उठून उभा राहायला गेला आणि राहता आलं नाही.

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, ‘‘मावशी, तुम्ही पहिल्याच. आमच्याशी कोणी बोलत नाही आता. आई चर्चला यायला तयार नाही. तुम्ही तरी मानता ना, की मी नाही सांगितलं?’’

मी म्हटलं, ‘‘मानते गं.’’

मानते! नेरे, मी असं म्हटलं, आणि ती माझा ग्लास पुसायला लागली, डोळे भरलेले. आज अहो-जाहो राहू दे. मला आता तुझ्यावर ओरडायचंय आणि ते तुम्ही-तुम्ही करत जमत नाही. तू मला कुठे आणून ठेवलंस? मी शब्द मोडला तो तुझ्यासाठी. बाहेरच्याला न्यायचं नाही हा नियम मी मोडला. बायकांना मी सांगितलं होतं, ही नेरेइदा, हिनेही लहानपणी छाटणी केली आहे. तू आयुष्यात कात्री हातात धरली नाहीस. मी पाण्यात उभी राहून खोटं बोलले, कारण तू जेवत नव्हतीस.

आणि मोरेसीबाईंच्या स्वयंपाकघरात मी काय केलं ते मागच्या पत्रात नीट लिहिलं नव्हतं. मी नखांकडे बघत होते. नखांत चिखल होता, तो कधीच पुरता जात नाही. मेलितोन बोलला तेव्हा तो माझ्यासमोर, इथून माझ्या खिडकीइतक्या अंतरावर उभा होता. मला फक्त ‘मी’ म्हणायचं होतं. मी नखं कोरत राहिले. मग बाहेर अंगणात बायका त्याच्याबद्दल बोलायला लागल्या तेव्हा मी मान हलवली. हो, नेरे, हलवली.

तू मला विकलंस ते नोकरीसाठी. मी ओफेलियाला कशासाठी विकलं? बारा घरांत नाक वर ठेवून फिरता यावं म्हणून.

परतताना लिब्रादो फार खूश होता. म्हणाला, ‘‘तुझ्या कोमाद्रेची यादी अगदीच वाईट नाही.’’ मी गाडीत रडले. त्याला वाटलं, वाइनमुळे.

यूलालिया


१९ एप्रिल, रविवार

कोमाद्रे,

ईस्टर झाल्यावर मी मोरेसीबाईंकडे गेले. लिब्रादोला आधी सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मला घेऊन जाशील तर पायऱ्या चढताना हात दे.’’ मी म्हटलं, एकटीच जाते.

बाई ओट्यापाशी मटार सोलत होत्या. मी दारातच सगळं सांगून टाकलं, पायपुसण्यावर उभी राहून. ऑगस्टपासून सगळं.

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. म्हणाल्या, ‘‘इकडे ये. या खिडकीतून काय दिसतं?’’

खिडकीतून फाटक दिसत होतं. खांब, खांबाचा खिळा, टाक्याकडे जाणारी पायवाट, सगळं.

‘‘ऑगस्टमध्ये तू एका रडक्या बाईला हाताला धरून आत नेलंस. चांगली चप्पल घातलेली बाई होती. छाटणी करणारी बाई असली चप्पल घालून मळ्यात येत नाही.’’

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘पहिल्या दिवसापासून.’’

‘‘मग मेलितोनवर आळ आला तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?’’

बाईंनी हातातली शेंग पुरी सोलली. ‘‘मी तुझी वाट बघत होते. दोन महिने लागले तुला. फार लागले.’’

मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू. त्या दोन महिन्यांत मेलितोनच्या बायकोने चर्च सोडलं, आणि ही बाई खिडकीत बसून माझी परीक्षा घेत होती. तसं मी तोंडावर बोललेही. म्हणाल्या, ‘‘खरं आहे. ते मी त्यांच्यापाशी कबूल करेन. पण तू नाही केलंस तर मला करता येणार नव्हतं.’’ मला हे पटलेलं नाही, अजूनही.

काल पुन्हा सगळ्या घरांना बोलावलं. मी सगळ्यांसमोर बोलले. तुमचं नाव घेतलं, माझं आधी घेतलं. चोले कोपऱ्यात होती, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंनी मेलितोनची माफी मागितली, उभं राहून, काठी न घेता. मेलितोन बाहेर गेला आणि कोठारातून फावडी घेऊन आला. खडी काढायची होती ना. बाईंनी भाच्याला गप्प केलंय, त्या आहेत तोवर जमीन त्यांची आहे. फाटकाला आता कुलूप आहे आणि किल्ली मेलितोनकडे.

ओफेलिया माझ्याजवळून गेली. थांबून म्हणाली, ‘‘मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला स्टूल आणून दिलं होतं.’’

खरं तर स्टूल काकांना दिलं होतं. पण तिला काय म्हणायचं होतं ते कळलं.

लिब्रादोला पाण्यात जायची परवानगी आहे. मला नाही. बारा घरांनी ठरवलं, बाईंनी नव्हे. मला दुसरं काम दिलंय.

यूलालिया


४ मे, सोमवार

कोमाद्रे,

आता रविवारी लिहायला वेळ नसतो, आणि का नसतो ते तुम्ही काल पाहिलंत.

काल तुम्ही गाडीतून उतरलात आणि हात पसरून पळत आलात. आम्पारोच्या हातात फुलं होती. मी फाटकासमोर खुर्ची टाकून बसले होते, डोक्यावर हॅट, पायाशी पाण्याची बाटली. खांबाला निळी बादली. हेच माझं काम. तुमची यादी अजून लोकांच्या फोनांत फिरते आहे. तुम्ही ती काढून टाकलीत म्हणता, पण लोकांनी ती एकमेकांना पाठवून ठेवली आहे. दर रविवारी चार-पाच गाड्या येतात. बादली बघून त्यांचे चेहरे उजळतात. मी उठते आणि म्हणते, ‘‘इथे काही नाही. चुकीचा पत्ता आहे. चिखलस्नान हवं असेल तर गावात जा.’’ काही जण हुज्जत घालतात, काही बिचारे थकलेले असतात, लांबून आलेले, खिशात फारसं नसलेले. त्यांच्यातल्या काहींना मी आनंदाने आत नेलं असतं.

मग तुम्ही आलात. म्हणालात, ‘‘लालिया, दोन मिनिटं. चोलेच्या पाया पडू दे मला. तिला सांगू दे.’’

मागे पाण्यात बायका होत्या. तीन महिन्यांनी चोले पहिल्यांदाच आत उतरली होती. येताना तिने मला एकच गोष्ट विचारली होती, दोनदा विचारली, ‘‘फाटकात तू आहेस ना?’’ मी हो म्हटलं होतं. आणि तुम्ही माझ्यासमोर हात पसरून उभ्या होतात तेव्हाच तिचा हसण्याचा आवाज आला. तुम्हीही ऐकलात. तुमचा चेहरा पडला तो मी पाहिला. आपण सात वर्षांच्या होतो तेव्हा ती अशी हसायची, नाकातून.

तुम्ही आत शिरून चोलेला सांगितलं असतं, ती घाबरून पुन्हा हनुवटीपर्यंत पाण्यात गेली असती, आणि तुमचं मन हलकं झालं असतं. म्हणून सगळ्यांना म्हणते तेच मी तुम्हालाही म्हटलं. इथे काही नाही.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. आम्पारो म्हणाली, ‘‘माद्रिना, आत कोण हसतंय?’’ मी म्हटलं, ‘‘कोणी नाही, बाळ.’’ ती आठ वर्षांची आहे, बहिरी नाही. तिने फुलं माझ्या खुर्चीवर ठेवली आणि तुमचा हात धरून गाडीकडे गेली. आजवर मी त्या पोरीशी एकदाही खोटं बोलले नव्हते.

तुम्ही गेल्यावर मी बादली काढली, पुरुष आत गेले. लिब्रादो जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला, आणि तासाभराने परतला तो बऱ्यापैकी ताठ. त्याने टाकं घासलं, मी बाहेर बसून ब्रशचा आवाज ऐकला.

सतरा तारखेला चर्चमध्ये आम्पारोचा पहिला ख्रिस्तप्रसाद आहे. मी येणार. तिची डोक्यावरची जाळीची ओढणी आणि पांढरी मेणबत्ती माझ्याकडे तयार आहे, ओढणीची कड चोलेने विणली आहे. कोणासाठी ते तिला माहीत आहे, तिने विचारलं नाही. मी मुलीच्या मागे उभी राहीन, तिच्या खांद्यावर हात ठेवीन, फोटो काढतील तेव्हाही.

या वेळी माझी नुसती बोटं ठेवू नका.

यूलालिया